आयव्ही उन्हाळ्यात मान का टाकते?

जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा, किंवा सोलापूर रस्त्यानं जाताना सोरतापवाडी-उरुळीकडच्या एखाद्या नर्सरीत गाडी थांबवली की, टांगत्या कुंडीतली आयव्ही हमखास नजरेत भरते. पंजाच्या आकाराची छोटी पानं, त्यांना पांढरी किंवा पिवळसर किनार, कुंडीच्या काठावरून खाली उतरलेल्या लांब फांद्या. घरी आणल्यावर महिना-दीड महिना ती दृष्ट लागण्यासारखी वाढते. होळी झाली की पानांच्या कडा करपायला लागतात. एप्रिलात पानांचा तजेला जातो, ती धुरकट दिसू लागतात. मे संपता संपता कुंडीत काटक्या उरतात आणि घरात निष्कर्ष निघतो, "आपल्या हाताला झाडं लागतच नाहीत."

हाताचा काही दोष नसतो. आयव्हीचा वाढीचा हंगाम आपल्याकडे थंडीत येतो आणि तिचा कठीण काळ उन्हाळ्यात, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले याच्या नेमके उलटे असतात, कारण ते थंड देशांत बसून लिहिलेले असतात. एवढं ध्यानात घेतलं की पाणी, खत, छाटणी, कीड सगळ्याचंच वेळापत्रक बदलतं.

मुळात ही वेल कुठली

घरात ठेवली जाते ती इंग्लिश आयव्ही, शास्त्रीय नाव हेडेरा हेलिक्स. युरोप आणि पश्चिम आशियातल्या जंगलांत ती जमिनीवर पसरते आणि झाडांच्या बुंध्यांवर चढते. तिथं तिला मिळते ती सावली, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती आणि गार हवा. साधारण १० ते २० अंश सेल्सिअस हे तिला मानवणारं तापमान. पारा २७-२८ च्या वर गेला की वाढ मंदावते, आणि पस्तिशी ओलांडली की ती नुसती जीव धरून असते. तिची एक बहीण हिमालयात आहे, हेडेरा नेपालेन्सिस. नैनिताल-मसुरीकडे फिरताना बांज या ओक वृक्षांच्या खोडांवर गर्द हिरवी वेल चढलेली दिसते ती बरेचदा हीच.

आता पुण्याची हवा बघा. जानेवारीच्या रात्री पारा ११-१२ पर्यंत उतरतो, दिवसा ३० च्या आसपास. आपल्याकडे आयव्हीला याहून चांगलं काय मिळणार? ती वाढते. एप्रिलात दिवस ३८ ते ४० अंशांचे, हवा कोरडी. ती थांबते. यात पाणी घालणाऱ्याचं कर्तृत्व किंवा नालायकी काही नाही.

दिवसाच्या उन्हाची आपण काळजी करतो, पण रात्रीची ऊबही तितकीच महत्त्वाची असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पानं दिवसा उजेडात साखर तयार करतात आणि रात्री श्वसनासाठी त्यातली काही खर्च करतात. रात्र जितकी गरम, तितका खर्च जास्त. मुंबईत मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २७ च्या आसपासच राहतो. दमटपणा भरपूर, तरी वेल दिवसागणिक कृश होत जाते, कारण कमाईपेक्षा खर्च मोठा. म्हणून कोकणपट्टीत आणि गोव्यात आयव्ही सांभाळणं पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगावपेक्षा अवघड. महाबळेश्वर-पाचगणीला मात्र ती मजेत राहते. महाबळेश्वरची सुमारे १३५० मीटरची उंची तिथं कामाला येते.

तेव्हा आपल्याकडचं वेळापत्रक असं: ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा वाढीचा काळ. खत, छाटणी, कुंडी बदलणं, कटिंग लावणं हे सगळं याच काळात उरका. मार्च ते मे फक्त जगवायचं. जून ते सप्टेंबर हवा तिला सोसते, पण रोगही त्याच हवेला सोकावतात. 'हिवाळ्यात खत बंद करा, वसंतात कुंडी बदला' हा परदेशी सल्ला इथं जसाच्या तसा पाळला तर मार्चमध्ये मुळं दुखावली जातात, एप्रिलात खत पडतं, आणि वर चाळिशीचं ऊन. त्यातून जी वाचेल ती खरोखर चिवट म्हणायची.

लंडन किंवा सिअ‍ॅटलमध्ये राहून हे वाचत असाल तर तुमच्यासाठी तो परदेशी सल्लाच बरोबर. तिकडे घरातली हीटिंगची कोरडी हवा हा तिचा उन्हाळा. अमेरिकेच्या वायव्येला मात्र ही वेल बागेत जमिनीत लावू नका. तिथं ती जंगलात शिरून देशी झाडांना गिळते. ओरेगन राज्यात तर तिच्या विक्रीवरच बंदी आहे. इथं जी वेल एक उन्हाळा काढताना धापा टाकते, तिची तिकडे ही दादागिरी.

आधी ती आयव्हीच आहे ना, ते बघा

आपल्याकडे चढणाऱ्या-लोंबणाऱ्या निम्म्या वेलींना आयव्ही म्हणून विकलं जातं, आणि चुकीच्या वेलीची काळजी कितीही चोख घेतली तरी उपयोग शून्य. मनी प्लांटला काही जण डेव्हिल्स आयव्ही म्हणतात. त्याचा हिच्याशी काडीचा संबंध नाही आणि त्याला उष्ण-दमट हवाच आवडते. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून चढलेली बारीक पानांची वेल बहुतेक वेळा फायकस प्युमिला असते, वड-उंबराच्या कुळातली. फांदी तोडली की पांढरा चीक येतो, की समजा तीच.

खरा घोटाळा होतो तो वॅक्स आयव्हीमुळे. पानांचा आकार आयव्हीसारखाच, पांढरी-पिवळी किनारही तशीच. पण ती सेनेसिओ, सूर्यफुलाच्या कुळातली. पान बोटात धरून हलकेच दुमडा. जाड, रसरशीत, मेणचट लागलं आणि कट्कन मोडलं तर वॅक्स आयव्ही. तिला ऊन जास्त आणि पाणी कमी लागतं. खऱ्या आयव्हीचं पान पातळ पण चिवट असतं, शिरा फिकट रंगात उठून दिसतात, आणि जुन्या फांदीच्या खालच्या अंगाला पेरांजवळ बारीक केसाळ मुळ्यांची रांग असते.

नर्सरीत विचारलंत, "दादा, हिला पाणी किती लागतं?", तर उत्तर ठरलेलं, "रोज घालायचं ताई, काही होत नाही." त्यांचं खोटं नसतं. त्यांच्याकडे शेडनेटखाली वारा खेळतो, कुंडी वितभर, आत बहुतेक कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एकेका कुंडीत पाच-सहा कटिंग्जची मुळं पाणी ओढत असतात. तीच कुंडी आपण हॉलच्या कोपऱ्यात शोपीस म्हणून ठेवतो आणि रोज पाणी घालतो. तिथं ते सुकतच नाही.

जागा

पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी सर्वांत उत्तम. सकाळी आठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, नंतर नुसता उजेड. उजेड पुरेसा आहे का हे बघायला दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर हात धरा. सावली धूसर पण हाताची म्हणून ओळखू येण्याजोगी पडली तर जागा ठीक. सावलीच पडत नसेल तर तिथं आयव्ही लांबट, विरळ होणार. ग्लेशियर किंवा गोल्डचाइल्डसारख्या पांढऱ्या-पिवळ्या किनारीच्या जातींना साध्या हिरव्या जातींपेक्षा जास्त उजेड लागतो, कारण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. अर्ध्या पानानं पूर्ण पानाचं काम करायचं असतं.

पश्चिमेची बाल्कनी एप्रिल-मेमध्ये नको म्हणजे नको. बाल्कनीत एसीचं बाहेरचं यंत्र बसवलेलं असेल तर त्याच्या पंख्यासमोरही नको. खोलीतली सगळी उष्णता तो पंखा बाहेर फेकतो आणि समोरची कुंडी दोन रात्रींत भाजून निघते. "कालपर्यंत तर बरी होती" अशा तक्रारींत हे यंत्र पुष्कळदा सापडतं. खोलीच्या आत एसीचा गारवा तिला बरा वाटतो, पण ती हवा कोरडी असते, त्यामुळे थेट झोताखाली ठेवू नका.

नागपूर-अकोल्याकडच्या लोकांना वाटतं, आपल्याकडे तर हिचं नावच काढायला नको. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो हे खरं, पण तिथं घरोघरी कूलर असतो, आणि कूलरची हवा एसीसारखी कोरडी नसते. ती गारही असते आणि ओलसरही. आयव्हीला हव्या त्या दोन्ही गोष्टी. कूलर लागतो त्या खोलीत, झोतापासून बाजूला, खिडकीच्या उजेडात कुंडी ठेवली तर ती मुंबईच्या बंद फ्लॅटमधल्या कुंडीपेक्षा बऱ्या स्थितीत राहू शकते.

कुंडी शक्यतो मातीची घ्या. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं मातीच्या कुंडीतली मुळं गार राहतात: भिंतीतून पाणी झिरपतं, बाष्प होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत याच्या उलट घडतं. बाहेरून रंग मारलेली मातीची कुंडी घेतलीत तर हा फायदा गेला, कारण रंगानं छिद्रं बुजतात. वारली चित्रं काढलेल्या कुंड्या सुंदर दिसतात याबद्दल वाद नाही. त्यांत दुसरं काही लावा.

पाणी: इथंच बहुतेक आयव्ही जातात

पाणी जास्त झालं तरी आयव्ही मलूल दिसते आणि कमी पडलं तरी मलूलच दिसते. दोन्हीकडे पानांच्या कडा तपकिरी होतात. बघणारा दोन्ही वेळा पाणीच घालतो. त्यातल्या पहिल्या वेळी तो झाड मारत असतो.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ती हवा असते. सतत ओली राहिलेल्या मातीत त्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते. हीच मूळकूज. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही वर पानं तहानेनं माना टाकतात. पानं पाहून यातलं काहीच कळत नाही. बोट मातीत घालावंच लागतं. पहिल्या पेरापर्यंत, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर, कोरडं लागलं तर पाणी घाला. ओलसर लागलं तर कितीही दया आली तरी हात आवरा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली की बोटाचीही गरज उरत नाही. थंडीत हे आठवड्यातून एक-दोनदा होईल, मेमध्ये कदाचित एक दिवसाआड, पावसाळ्यात दहा दिवसही मध्ये जातील. ठरावीक वार लावून पाणी घालणं इथं चालत नाही.

घालाल तेव्हा मात्र भरपूर घाला, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज कपभर शिंपडण्यात वरची माती ओली आणि खालची मुळं कोरडी अशी गत होते.

एक फसवी अवस्था असते. गावाला जाऊन आल्यावर कुंडी खडखडीत वाळलेली असते. मुळांचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेला असतो. तुम्ही पाणी घालता, ते कडेच्या फटीतून सरळ खाली येतं, ताटली भरते, आणि तुम्हाला वाटतं की झाड पोटभर प्यायलं. आतला गोळा कोरडाच असतो. अशा वेळी कुंडी बादलीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्यायची.

आता पाणी कुठलं, हा प्रश्न. नळाचं, विशेषतः धरणाचं पाणी असेल तर काही अडचण नाही. बोअरचं पाणी जड असतं. मातीवर आणि कुंडीच्या बाहेरून पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं जळतात. अलीकडे प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची पद्धत रूढ झाली आहे. हेतू चांगला, पण आरओच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. त्यानं फरशी पुसा, बाल्कनी धुवा. कुंडीतल्या आयव्हीला ते देऊ नका. आधीच पांढरा थर आला असेल तर वरची बोटभर माती खरवडून काढा आणि एकदा कुंडीच्या तिप्पट-चौपट चांगलं पाणी ओतून क्षार धुऊन काढा. पहिल्या पावसात कुंडी तासभर उघड्यावर ठेवली तरी तेच काम फुकटात होतं.

मातीबद्दल थोडक्यात. आपली काळी माती कुंडीत नको. ओली झाली की चिखल, सुकली की दगड. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाडी वाळू. भाताचं तूस सहज मिळत असेल तर परलाइटच्या जागी तेही चालतं. कुंडी आधीच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त मातीत जास्त ओल, आणि मग तीच मूळकूज. नर्सरीतून आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाई नको. दोन आठवडे घराची सवय होऊ द्या.

लाल कोळी

महाराष्ट्रातल्या आयव्हीचा उन्हाळ्यातला खरा मारेकरी हा. मार्चनंतर पानं धुरकट दिसू लागली, हिरव्या रंगावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके आले, तर ऊन किंवा पाणी यांना बोल लावण्याआधी पान उलटं करून बघा. नाव लाल कोळी असलं तरी तो बरेचदा पिवळट-हिरवा असतो, अंगावर दोन काळपट डाग, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यांना धूळ वाटते. म्हणून कागदाची युक्ती करायची: पांढरा कागद पानांखाली धरा, फांदीवर टिचकी मारा, आणि अर्धा मिनिट थांबा. कागदावर पडलेल्या धुळीतले काही कण चालायला लागले तर निदान झालं. पानांच्या बेचक्यांत जाळी दिसायला लागेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

तो पानाच्या पेशींना सोंड खुपसून आतला रस शोषतो. प्रत्येक फिकट ठिपका म्हणजे रिकामी झालेली पेशी. गरम आणि कोरडी हवा त्याला अतिप्रिय. थंड हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला काही आठवडे लागतात. तिशीच्या वर पारा गेला की तेच काम साधारण आठवड्यात उरकतं. म्हणजे ज्या महिन्यात आयव्ही सर्वांत दुबळी, नेमक्या त्याच महिन्यात कोळ्याच्या पिढ्या भराभर वाढतात. एसीच्या खोलीत तापमान कमी असलं तरी कोरडेपणा त्याला पुरतो.

कोळ्याला आठ पाय असतात. तो कीटक नव्हे, त्यामुळे दुकानातून आणलेलं साधं कीटकनाशक त्याच्यावर चालेलच असं नाही. उलट कोळी खाणारे जे बारीक भक्षक असतात ते त्या औषधानं मरतात आणि कोळ्यांना रान मोकळं मिळतं. घरातल्या कुंडीसाठी सर्वांत प्रभावी हत्यार म्हणजे पाणी. कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून माती सांडणार नाही अशी सोय करा, मोठी बादली भरा, त्यात थेंबभर भांड्यांचा साबण घाला, कुंडी उलटी करा आणि सगळी वेल पाण्यात बुडवून दोन-चार मिनिटं हलवा. मग बाथरूममध्ये साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानांची खालची बाजू धुवा. कमोडशेजारचा जेट स्प्रे यासाठी अगदी योग्य आहे. घरातल्यांना सांगायची गरज नाही.

धुतल्यावर कोळी जातात, पण अंडी बरीचशी तशीच चिकटून राहतात. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. कोमट पाण्यात एक-दोन मिलिलिटर द्रवरूप साबण मिसळा, त्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल घाला, आणि पाणी एक लिटर करा. नीट हलवून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवर फवारा. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस बघा, कारण भर उन्हाळ्यात तेलानं पानं होरपळू शकतात. मग पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा. बहुतेक जण दुसऱ्या फवारणीनंतर "गेले वाटतं" म्हणून सोडून देतात आणि पंधरा दिवसांत कोळी परत हजर. आजारी कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. कोळी शेजारच्या गुलाबावर आणि जास्वंदीवरही तितक्याच आवडीनं जातो.

खरं तर उपचारापेक्षा धुलाईची सवय बरी. फेब्रुवारी ते मे दर आठ-दहा दिवसांनी सकाळी नळाखाली वेल धुतली की कोळी जम बसवूच शकत नाही. बाटलीनं पानांवर नुसतं धुकं मारण्याचा तितका उपयोग नाही. त्यानं वाढलेला दमटपणा काही मिनिटांत उडून जातो आणि माणसाला मात्र काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड हेही येतात. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो आणि खालची फरशी चिकट होते. पिठ्या ढेकूण पेरांत कापसाच्या पुंजक्यांसारखा दिसतो. दोन्हींना वरचीच फवारणी चालते. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा सरळ त्याच्यावर टेकवा.

पावसाळ्यातले ठिपके

जूनमध्ये हवा गार होते, वेल पुन्हा फुटते, आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. जुलैत पानांवर पाण्यात भिजल्यासारखे तेलकट डाग दिसतात, मग ते काळपट-तपकिरी होतात आणि भोवती पिवळं वलय येतं. हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा करपा. तो पानावरच्या पाण्याच्या थेंबांतून पसरतो. म्हणजे जी धुलाई एप्रिलात औषध होती तीच जुलैत रोगाला आमंत्रण. पावसाळ्यात पानं ओली करू नका, पाणी मातीतच घाला, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, पंख्याची हवा लागू द्या. डाग पडलेली पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, आणि कात्री स्पिरिटनं पुसा. सतत पसरत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड पुडीवरच्या प्रमाणात फवारता येतं, पण बहुतेकदा छाटणी आणि कोरडी पानं एवढ्यानं काम भागतं.

लांबट फांद्या, हरवलेली किनार, कटिंग

दोन पानांमधलं अंतर वाढलं, पानं बारीक झाली, तर उजेड कमी पडतोय. जागा बदला आणि मग शेंडे खुडा. फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवणारं संप्रेरक सोडत असतो. शेंडा गेला की खालच्या पेरांतून फुटवे येतात. ऑक्टोबरात मन घट्ट करून फांद्या निम्म्यावर आणल्या तर थंडीभर वेल दाट होते. पांढऱ्या किनारीच्या वेलीवर अख्खी हिरवी पानं यायला लागली तर ती हिरवी फांदी जिथून फुटली तिथून काढा. तिच्यात हरितद्रव्य जास्त, त्यामुळे ती जोरात वाढते आणि हळूहळू सगळी कुंडी बळकावते.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. तीन-चार पेरांचा तुकडा, खालची पानं काढलेली, पाण्याच्या बाटलीत किंवा ओलसर कोकोपीटमध्ये ठेवला की थंडीत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतो. एका कुंडीत एकच कटिंग लावलं तर एक केविलवाणी दोरी मिळते. पाच-सहा एकत्र लावा. खत या काळात पंधरा दिवसांनी एकदा, १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, नाहीतर महिन्याला मूठभर गांडूळखत. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत काही नाही.

वेल घरातल्या भिंतीवर चढवायची हौस असेल तर जपून. तिच्या मुळ्या एक चिकट स्राव सोडतात. त्यातले सूक्ष्म गोल प्रथिन-कण भिंतीच्या बारीकसारीक खाचांत शिरून घट्ट होतात, हे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. ओढून काढलीत तर रंग तिच्याबरोबर येतो आणि मुळ्यांच्या खुणा मागे राहतात. काठी, जाळी किंवा टांगती कुंडीच बरी.

हवा शुद्ध करते का? विषारी आहे का?

पहिल्याचं उत्तर, घरात जाणवण्याइतकी नाही. १९८९ मध्ये नासानं काही झाडं हवाबंद पेटीत ठेवून प्रयोग केले. त्यांत आयव्हीही होती आणि पेटीतलं बेन्झिन तिनं बरंच कमी केलं. पण आपलं घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिल्यावर निघालं की खिडक्या-फटींतून जेवढी हवा सहज बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. खिडकी उघडा. आयव्ही दिसायला छान आहे, तेवढं कारण ती ठेवायला पुरे.

दुसऱ्याचं उत्तर, हो. पानांत आणि फळांत सॅपोनिन असतात, रिठ्याला फेस आणणाऱ्या रसायनांच्या वर्गातली. मांजरानं किंवा कुत्र्यानं पानं चघळली तर लाळ गळते, उलट्या होतात; लहान मुलांनाही त्रास होतो. रसात फॅल्कॅरिनॉल नावाचा घटक असतो, त्यानं काहींच्या हातांवर पुरळ येतो, म्हणून छाटताना हातमोजे घाला. आता कुणीतरी म्हणेल, केमिस्टकडे खोकल्याचं आयव्हीच्या पानांचं सिरप मिळतं, त्याचं काय? मिळतं, खरंच मिळतं. पण ते प्रमाणात बसवलेल्या अर्काचं असतं. कुंडीतली पानं उकळून काढा करायचा नाही, आजीबाईच्या बटव्यातली ही वनस्पती नव्हे.

राहता राहिला प्रश्न मे अखेरीस कुंडीत उरलेल्या काटक्यांचा. त्या लगेच उपटू नका. जाडसर फांदीची साल नखानं जरा खरवडा, टोकाकडून सुरुवात करून खाली मातीकडे येत. कुठंही आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर त्याच्या वर दोन बोटं ठेवून बाकीचं छाटा, कुंडी सावलीत ठेवा, माती जेमतेम ओलसर राखा. पाऊस स्थिरावला की बरेचदा पेरांतून फुटवा येतो. मातीपर्यंत सगळं तपकिरी आणि कोरडं निघालं तर ती गेली. माती कुंडीत तशीच ठेवून त्यात दुसरं काही लावू नका. कुंडी साबणानं घासून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, आणि पुढची आयव्ही ऑक्टोबरच्या आधी आणू नका. पूर्वेची खिडकी नाही, खोलीत एसी किंवा कूलर नाही, वर पश्चिमेचं ऊन, अशी जागा असेल तर ऑक्टोबरातही आणू नका. त्या जागी सिंगोनियम लावा.